संशोधन संस्थेचं वीज बिल कोण वाचतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

काही दिवसांपूर्वी आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता. विषय होता, पऱ्हाटी, तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार वावरात जाळू नका. पाहुणे शास्त्रज्ञ चांगलं बोलले. मातीतला सेंद्रिय कर्ब कसा कमी होतो, जिवाणू कसे मरतात, धूर कुठवर जातो, सगळं समजावून सांगितलं. त्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. शेवटी "कुणाला काही विचारायचं आहे का?" म्हटल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे कास्तकार उठले.

"साहेब, आमी धुऱ्यावर काडी लावली तं परदूषण होते, हे मानलं. पन माहा पोरगा अशाच एका मोठ्या संस्थेत साफसफाईले हाये. तो म्हंते का तिथं एसी रातभर चालू राह्यते. मंग त्याचा धूर कुठं जाते?"

मांडवात हशा पिकला. साहेबही हसले, "प्रश्न चांगला आहे" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मला हसू आलं नाही. कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी जवळजवळ सत्तावीस वर्षं एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रिकल विभागात काम केलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथे चांगली माणसं होती, आणि जे सांगणार आहे ते कमीजास्त प्रमाणात सगळीकडेच चालतं. रात्रपाळीला फेरी मारताना मी जे पाहिलं ते आज लिहितो.

आधी त्या काकांचं उत्तर. एसीचा धूर चंद्रपूरला निघतो. कोराडी, खापरखेड्याला निघतो. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. आपल्या एका बाजूला उमरेडच्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला चंद्रपूर. राज्यभरातले दिवे लागावेत म्हणून जळणाऱ्या कोळशाचा मोठा वाटा विदर्भात जळतो आणि त्याची राखही इथेच पडते. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी गावांच्या शेतात, नाल्यात शिरलं, हे बातम्यांत आपण सगळ्यांनी पाहिलं. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला वीज स्वच्छ वाटू शकते. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही.

आता साधं गणित करू. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. त्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख असते. म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक उभा फ्रीजर असतो. उणे 80 अंशाचा. त्यात पेशी, डीएनए, रक्ताचे नमुने असे ठेवलेले असतात. दिसायला घरच्या मोठ्या फ्रीजसारखा, पण दिवसाला 20 युनिटच्या आसपास वीज खातो. जुना झाला, मागची जाळी धुळीने भरली, दाराच्या रबरावर बर्फ साचला की आणखी खातो. 20 युनिट धरले तरी वर्षाचे 7,300 युनिट. म्हणजे पाच टन कोळसा आणि पावणेदोन टन राख. एका फ्रीजरची! मध्यम आकाराच्या संस्थेतसुद्धा असे दहा-पंधरा फ्रीजर सहज असतात.

आणि त्यात असतं काय? माझ्या नोकरीच्या काळात एकदा एक फ्रीजर बिघडला म्हणून त्यातला माल दुसऱ्यात हलवायचा होता. अर्ध्याहून जास्त डब्यांवर ज्यांची नावं होती ते विद्यार्थी पीएचडी करून केव्हाच निघून गेले होते. काही चिठ्ठ्या पुसल्या गेल्या होत्या. आत काय आहे हे त्या प्रयोगशाळेत कुणालाच सांगता येईना. पण टाकून द्या असं म्हणायची हिंमतही कुणाची होईना. शेवटी नवीन फ्रीजर आला आणि ते सगळं तसंच त्यात गेलं. आपल्या घरात अडगळीच्या खोलीचं होतं तेच. फरक एवढाच की ही अडगळ वर्षाला पाच टन कोळसा खाते.

जगभरात आता यावर बोललं जातंय. फ्रीजर उणे 80 ऐवजी उणे 70 वर ठेवला तर बहुतेक नमुन्यांना काही होत नाही आणि विजेत पाव ते तिसऱ्या हिश्श्याची बचत होते. एका बटणाचं काम आहे. दहा फ्रीजर असतील तर वर्षाला वीस हजार युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, दोन लाख रुपये झाले. एका रुपयाचीही खरेदी न करता.

मग हे होत का नाही? शास्त्रज्ञांना पर्यावरणाची काळजी नाही म्हणून? अजिबात नाही. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले काहीजण घरी कचरा वेगळा करणारे, सायकलने येणारे होते. पण त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेचं वीज बिल आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

बघा, संस्थेत यंत्र येतं प्रकल्पाच्या पैशातून. दिल्लीहून निधी मंजूर होतो, निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला ऑर्डर जाते. यंत्र वीज किती खाईल हा रकाना निविदेत बहुधा नसतोच. यंत्र बसलं की बिल कोण भरतं? संस्था भरते, वेगळ्या खात्यातून. अख्ख्या आवाराला एकच मोठा मीटर. बिल लेखा विभागात येतं, तिथला बाबू मागच्या महिन्याशी ताडून पाहतो, सही होते, पैसे जातात. ज्याने बटण दाबलं त्याला आकडा कळत नाही. ज्याला आकडा कळतो त्याचा हात बटणापर्यंत पोचत नाही. वावरात मोटर कुणी चालू ठेवायची आणि बिल कुणी भरायचं हे दोन वेगळे भाऊ ठरवत असतील तर काय होईल? तेच.

त्यात मार्च एंड. निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जी खरेदी होते, ती ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना सांगायला नको. शेजारच्या खोलीत दिवसातून दोन तास चालणारं यंत्र असताना तसंच दुसरं यंत्र येतं. मग दोन यंत्रं, दोन यूपीएस, दोन एसी.

एसीचं तर विचारूच नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इमारती मात्र बांधल्या जातात काचेच्या. पश्चिमेला काच, वर सपाट स्लॅब. मग आत 18 वर एसी आणि साहेबांच्या अंगात जाकीट. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनेच सांगितलंय की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि 24 अंश पुरेसे आहेत. 18 आणि 24 मध्ये किती टक्के झाले ते तुम्हीच काढा. वर एसीतला गॅस. जुन्या एसीतला आर-22 हा गॅस एक किलो गळाला तर सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता वातावरणात अडकते. "गॅस भरून घ्या" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! भरला तो गॅस आधी गेला कुठे, हे कुणी विचारत नाही.

पाण्याचं एक उदाहरण देतो. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर लागतं. काचेच्या यंत्रात पाणी उकळतं, वाफ होते, ती थंड करायला नळाचं पाणी नळीतून सतत फिरवावं लागतं. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दहा-पंधरा लिटर, कधी त्याहून जास्त चांगलं पाणी फक्त कोमट होऊन सिंकमध्ये जातं. दिवसभर. उन्हाळ्यात त्याच आवाराच्या बाहेर बाया गुंड घेऊन टँकरची वाट पाहत असायच्या. आम्ही दोघा-तिघांनी भंगारातली एक टाकी आणि कूलरचा छोटा पंप लावून तेच पाणी परत फिरवायची सोय केली. खर्च नगण्य. एका विभागात ती बरीच वर्षं चालली. बाकी विभागांत लावू का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, लेखी प्रस्ताव द्या. प्रस्ताव दिला. त्यानंतर मी निवृत्त झालो.

असो. रडगाणं गाण्यासाठी ही पोस्ट नाही. मला सांगायचंय ते असं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. ते आपल्या जिल्ह्यातच तयार झालं होतं.

वर्ध्याची मगनवाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून सुरू झालं. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, चुली, दिवे यांवर तिथे प्रयोग व्हायचे. आजच्या भाषेत ती संशोधन संस्थाच होती. ती चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे कोण? हिशेबनीस! लंडनला शिकलेले अकाउंटंट, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईतला चांगला चाललेला व्यवसाय सोडून हा माणूस गांधीजींकडे आला. त्यांनी एक भेद सांगितला होता. कोळसा, रॉकेल यांसारखा एकदाच भरलेला साठा उपसून चालणारी अर्थव्यवस्था वेगळी, आणि ऊन, वारा, पाणी, झाडं यांसारख्या दरवर्षी पुन्हा येणाऱ्या प्रवाहावर चालणारी वेगळी. पहिलीत आज ना उद्या भांडण ठरलेलं. दुसरी टिकणारी. 1945 साली आलेलं त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक याच विषयावर आहे, आणि ते त्यांनी तुरुंगात लिहिलं. 'सस्टेनेबल' हा शब्द परिषदांच्या बॅनरवर यायच्या कितीतरी आधी.

आणि हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथेच तयार झाला. म्हणजे ज्या विषयावर संशोधन, तीच वस्तू रात्री संशोधकाच्या टेबलावर. तिकडे सेवाग्रामला 1936 मध्ये गांधीजी राहायला आले. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं. मे महिन्यात दुपारी बापू कुटीत जाऊन बसा आणि मग कोणत्याही काचेच्या इमारतीत एसी बंद करून बसा. जाड मातीची भिंत काय करते ते कळेल.

आता कुणी म्हणेल, भाऊ, मातीच्या झोपडीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालत नाही. बरोबर आहे. मी इलेक्ट्रिशियन आहे, मला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. काही यंत्रांना ठरावीक तापमान लागतंच, काही फ्रीजर बंद करून चालतच नाही, आणि बंद पडला तर कुणाची दहा वर्षांची मेहनत जाते. लसीचं, वाणाचं, औषधाचं संशोधन थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की यंत्राला एसी लागतो म्हणून अख्ख्या मजल्याला लावू नका. मगनवाडीकडून झोपडी घेऊ नका, हिशेब घ्या.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेने असा हिशेब केला. 2018 या एका वर्षात संस्थेमुळे किती कार्बन डायऑक्साइड गेला ते मोजलं आणि 2020 मध्ये जगजाहीर छापलं. दर संशोधकामागे 18 टन निघाला! आपल्या देशाची सरासरी माणशी दोन टनांच्या आसपास आहे. त्यांच्याकडे जवळजवळ अर्धा वाटा विमानप्रवासाचा होता आणि पाव हिश्श्याहून जास्त विजेचा. लाज वाटण्यासारखा आकडा त्यांनी लपवला नाही. म्हणूनच कुठे कापायचं ते त्यांना कळलं. आपल्याकडे मोजलं तर चित्र वेगळं येईल. विमान कमी, एसी आणि कोळसा जास्त. पण आधी मोजायला तर हवं.

"आमच्याकडे ग्रीन ऑडिट होतं की" असं कॉलेजवाले मित्र म्हणतील. हो, नॅकच्या मूल्यांकनात त्याला गुण आहेत. पण आपल्याच भागातले दोन-चार अहवाल काढून वाचा. आवारात झाडं किती, त्यांची शास्त्रीय नावं, वृक्षारोपणाचे फोटो, एलईडी बल्ब किती. मागच्या तीन वर्षांत विजेचा वापर वाढला की घटला, बोअरमधून किती पाणी उपसलं, हा तक्ता सापडला तर मला पाठवा, मी जाहीर अभिनंदन करीन.

सोलरचंही तेच. सोलर हवंच, आपल्याकडे उन्हाची कमी नाही. एक किलोवॅटच्या पॅनलवर दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात. शंभर किलोवॅट बसवले तर चारशे. पण बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी पॅनल, उद्घाटन, फोटो. मग धूळ. पॅनल कोण धुणार हे कुणाच्या कामाच्या यादीतच नसतं. आणि गळकी टाकी आधी दुरुस्त न करता मोठी मोटर लावल्यासारखं ते होतं. आधी उधळपट्टी थांबवा, मग उरलेल्याला सोलर लावा. पॅनलही कमी लागतील.

तर माझ्या साध्या मागण्या अशा. मी तज्ज्ञ नाही. पण ही कामं मी हाताने केली आहेत, त्यामुळे होतात हे माहीत आहे.

एक. प्रत्येक विभागाला वेगळा मीटर. दर महिन्याचा आकडा त्या विभागाच्या दाराशी फळ्यावर, खडूने लिहिलेला. दंड नको, बक्षीस नको. नुसता आकडा. माणसं आपोआप सुधारतात.

दोन. वर्षातून एक दिवस फ्रीजर साफसफाई. आपण दिवाळीला घर काढतो तसं. ज्याचा मालक नाही, ज्याला नाव नाही, ते नियमाप्रमाणे नष्ट करा. उरलेल्यांचं तापमान कुठे वाढवता येईल ते शास्त्रज्ञांनीच ठरवावं.

तीन. निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या विजेचा खर्च धरा. मग सर्वांत स्वस्त कोण ते ठरवा. आणि शेजारच्या विभागात तेच यंत्र असेल तर दुसरं घेण्याआधी लेखी कारण द्या.

चार. थंड करायला वापरलेलं पाणी परत फिरवा, आरओचं टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि स्वच्छतागृहाला द्या. सांडपाण्यासाठी नागपूरच्या नीरीचं फायटोरिड तंत्र आहे, झाडांच्या मुळांतून पाणी शुद्ध करणारं. आपल्याच शेजारच्या संस्थेने शोधलेलं तंत्र आपल्याच संस्था वापरणार नसतील तर ते कुणासाठी शोधलं?

पाच, आणि ही माझी सर्वांत आवडती. संस्थांच्या वसतिगृहांत, मेसमध्ये, पाहुण्यांच्या निवासात गॅस जळतो. एका हेक्टरमधून दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड, ठोकळे करण्यावर कापूस तंत्रज्ञानाच्या संस्थेत वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. मग या जिल्ह्यातल्या संस्थांनी समुद्रपूर-हिंगणघाटच्या कास्तकारांकडून पऱ्हाटीचे ठोकळे विकत घ्यावेत, बसण्याचे बाक तिच्या बोर्डाचे करावेत. शेतकऱ्याला "जाळू नका" सांगणारा माणूस "आम्हाला विका" असंही म्हणाला, तर मेळाव्यात कुणी हसणार नाही.

आज मगनवाडीच्या त्याच आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. हिंदी विद्यापीठ आहे, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, आपल्या तालुक्यातली कॉलेजं आहेत. यांच्यापैकी कुणीही पहिला फळा लावावा. माझी इच्छा विचाराल तर तो मगनवाडीत लागावा. हिशेबनिसाच्या घरी हिशेबाचा फळा शोभून दिसेल.

आपली पोरं समुद्रपूर, गिरड, नंदोरी, मांडगावहून एसटीने जाऊन एम.एस्सी. करतात, पुढे संशोधनाला लागतात. मला त्याचा अभिमान आहे. ती उद्या या संस्था चालवतील. त्यांनी गावात येऊन आपल्याला माती वाचवा, पाणी वाचवा सांगावं, आपण ऐकू. पण येताना आपल्या प्रयोगशाळेच्या फळ्यावरचा आकडाही सोबत आणावा.

त्या काकांना मी मेळाव्यानंतर गाठलं. धूर कुठे जातो ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग आमची काडी अन् त्यायची बटन, एकच झालं नं भाऊ."

एकच झालं काका.

तुमच्या ओळखीचं कुणी कॉलेजात, संस्थेत असेल तर त्यांना ही पोस्ट दाखवा आणि एवढंच विचारा, तुमच्या विभागाचं मागच्या महिन्याचं वीज बिल किती आलं? उत्तर काय मिळतं ते खाली नक्की लिहा.